चौघी आणि चार दिवस

मैत्रिणींनो, परदेश म्हटलं की आपण आधी घरच्यांचं वेळापत्रक बघतो आणि बेत गुंडाळून ठेवतो. पण नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही. मतदार ओळखपत्रही चालतं. भिशीच्या पैशांतून आम्ही चौघी चार दिवस जाऊन आलो.

भक्तपूरचं १७०२ सालचं पाच मजली न्यातपोल मंदिर २०१५च्या भूकंपातही उभं राहिलं. त्याच्या पायऱ्यांवर बसून मातीच्या वाडग्यातलं ‘जुजू धौ’, म्हणजे राजदही खाल्लं. म्हशीच्या दुधाचं, घट्ट, गोडसर! लग्नानंतर प्रथमच आधी कुणाला वाढायचं नव्हतं, उरलंसुरलं संपवायचं नव्हतं. अख्खा वाडगा माझा एकटीचा!

इकडे ह्यांनी कुकर लावला. वरण एकदा करपलं, पण उपाशी कुणी राहिलं नाही. तेव्हा यंदा भिशीचा एक नंबर स्वतःसाठी राखाच!