आग प्रीपेड की फ्री?

रिचार्ज संपलं की फोन बंद, हे आपल्याला पटतं. पण बंब? अमेरिकेत टेनेसीतल्या साउथ फुल्टनजवळ २०१० मध्ये एक घर पेटलं. शहराच्या हद्दीबाहेर फायर सर्व्हिसची फी वर्षाला ७५ डॉलर. या घराची राहिली होती. बंब आला, तो फी भरलेल्या शेजाऱ्याचं शेत वाचवायला! घरमालक म्हणे, लागतील तेवढे पैसे आत्ता देतो. घर तर गेलंच, आतली तीन कुत्री आणि एक मांजरही.

आपल्या मुंबईत बंब आधी पावती मागत नाही. १०१ फिरवा, बस्स. मात्र बिल्डिंगमधला पंप, होज सोसायटीनेच सांभाळायचे. आमच्याकडे लॉबीच्या ग्रॅनाइटला पाच मिनिटांत मंजुरी, पंपाच्या दुरुस्तीला ‘पुढच्या वर्षी बघू’. मी राहते चौदाव्या मजल्यावर, सोबत गुडघे दुखणारी आजी. विषय पुन्हा मांडलाय.