ताकद आणि कुवत

मी भाषेचा शिक्षक. बी.एड.ला असताना पाठटाचणं पुष्कळ लिहिली, इंजिन मात्र कधी उघडलं नाही. तरी दिवाळीनंतर एका रविवारी वेल्ह्याकडच्या वाडीतला माझा विद्यार्थी पाठीवर फवारणीचा पेट्रोल पंप घेऊन भोरला माझ्या दारात उभा राहिला.

"सर, ह्याचं इंजिन विमानाला चालंल का?"

विज्ञान प्रदर्शनासाठी त्यानं थर्माकोल आणि प्लायचं विमान केलं होतं. पंखांची लांबी 1.8 मीटर. पंप वडिलांचा होता. विचारलंस का, म्हटलं, तर मान खाली.

मला वाटत होतं, इंजिन जितकं मोठं तितकं बरं. पंपाचं 26 सीसीचं. पुण्यातला माझा एक मित्र अशी विमानं उडवतो, तो 20 सीसीचं सुचवत होता. मग आयतं मोठं मिळतंय ते का सोडा? मित्राला फोन केला. तो म्हणाला, "आधी सीसी नको सांगूस, वजन सांग."

बायकोचा स्वयंपाकघरातला काटा आणला. रिकामं विमान रेडिओ आणि बॅटरीसकट साडेतीन किलो. पंपाचं इंजिन अडीच किलो. त्यात जड फ्लायव्हील, क्लच, दोरीचा स्टार्टर. कारण ते तासन् तास एका चालीनं राबायला केलेलं. शक्ती साधारण 1 अश्वशक्ती. मॉडेलसाठीच बनवलेलं 20 सीसीचं इंजिन सायलेन्सर, इग्निशन धरून 1 किलोच्या आसपास, पण मिनिटाला 9000 फेऱ्यांवर अडीच अश्वशक्ती देतं. सोळा इंची पंखा लावला की साधारण सहा-सात किलोची ओढ. शिकाऊ विमान वजनाच्या निम्म्या ओढीवरही उडतं. पण आपल्याकडे धावपट्टी म्हणजे भात कापलेलं खाचर, तिथं धसकटातून सुटायला जास्तच लागते. शिवाय भोर-वेल्ह्याच्या उंचीवर हवा समुद्रकाठापेक्षा थोडी विरळ, म्हणजे इंजिनाचा जोर तेवढा कमीच धरायचा.

आणि पंपाचं इंजिन नाकात बसवलं तर तोल सांभाळायला शेपटीत शिसं भरावं लागणार. वजनासाठी वजन!

मी त्याला लँगलींची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या सॅम्युअल लँगलींचं पेट्रोल इंजिनाचं छोटं मॉडेल 1901 साली उडालं. मग त्यांनी माणूस नेणारं मोठं विमान केलं, 52 अश्वशक्तीचं. 8 डिसेंबर 1903 ला ते पोटोमॅक नदीत कोसळलं. नऊच दिवसांनी राइट बंधू उडाले, 12 अश्वशक्तीवर. लँगलींचं इंजिन उत्तमच होतं. सांगाडा कमी पडला.

उर्दूत 'कुव्वत' म्हणजे ताकदच. तोच शब्द मराठीत 'कुवत' झाला आणि त्याला 'झेपेल तेवढं' असा अर्थ आला. वर्गात मी हा फरक कित्येकदा फळ्यावर लिहिला होता. कळला त्या दिवशी, काट्यासमोर.

संध्याकाळी वडील पंप न्यायला आले. मी सारवासारव करू लागलो. ते म्हणाले, "सर, पंप जाग्यावर न्हाई ते सकाळीच बघितलं. म्हटलं, नेतोय तर नेऊ दे." पुढच्या फवारणीला दुसरा पंप त्यांच्याकडे नव्हता. खोलून बिघडला असता तर काय, हे मी विचारलं नाही. पण मी जर "चालेल" म्हणालो असतो, तर पोरानं तो त्याच दिवशी खोलला असता.

नवं इंजिन महाग आहे. मित्र वापरलेलं शोधतोय. तोवर आम्ही विमानाच्या नाकात इंजिनाच्या वजनाची, 1 किलो इंद्रायणी तांदळाची पिशवी बांधली आणि पंखाखाली दोन बाजूंनी बोटं धरून विमान उचललं. पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्श्यावर ते सरळ, शांत तोललं गेलं.

"इंजिन आलं की ह्याच तांदळाचा भात करू, सर," पोरगा म्हणाला.

पिशवी अजून नाकातच आहे.