मावशींची पावलं कुणी मोजायची?

गेल्या वर्षी जानेवारीत लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत मी चेक घ्यायला गेले होते. जागा जुन्या गिरणीची. आता तिथे नऊ मजले ऑफिसं आहेत. त्यातल्या एका कंपनीत 'वेलनेस वीक' चालू होता. सकाळी झुंबा, दुपारी खुर्चीत बसल्या जागी मान-खांदे चोळून देणारी माणसं, संध्याकाळी ध्यानाचा तास. (आनापानच शिकवत होते, फक्त बुद्धाचं नाव कुठे आलं नाही.) शिवाय आठवडाभर पावलांची स्पर्धा. कर्मचाऱ्यांच्या मोबाईलमधलं ॲप पावलं मोजणार आणि दर दहा हजार पावलांमागे कंपनी दहा रुपये एका सामाजिक संस्थेला देणार. त्या वर्षीची संस्था आमची, म्हणजे लालबागची अभ्यासिका. तिथे संध्याकाळी चाळीसेक मुलं बसतात, आणि भाडं, वीज, पुस्तकं यांचं गणित दर महिन्याला चुकतं. चेक ४५,००० रुपयांचा होता. मी खुशीत गेले होते, हे आधीच सांगून टाकते.

लिफ्टसमोर आमच्याच वस्तीतल्या एक मावशी फडकं घेऊन काच पुसत होत्या. त्यांची मुलगी अभ्यासिकेत येते. मला बघून त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "जय भीम गं." मीही तेवढ्याच बारीक आवाजात म्हटलं. चैत्यभूमीवर छाती फुगवून म्हणणारी मी तिथे का कुजबुजले, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

मी गमतीने विचारलं, "मावशी, तुमची किती पावलं झाली?"

"आमचा मोबाईल लॉकरमध्ये. ड्युटीवर चालत नाही," त्या म्हणाल्या. "नाहीतर तुझ्या पोरांना रोजचे वीस रुपये मीच दिले असते."

मग हळूच सांगितलं, की आठ-नऊ तास बसायला जागा नाही. जिन्यात टेकलं तरी कॅमेऱ्यात दिसतं आणि सुपरवायझरचा फोन येतो. डबा खायचा तो तळघरात, पंपाच्या खोलीशेजारी.

कार्यक्रमात मला दोन मिनिटं माईक दिला. आभार मानले, मुलांबद्दल बोलले आणि शेवटी म्हटलं, की या इमारतीत सगळ्यात जास्त चालणाऱ्या बायका स्पर्धेत नाहीत, त्यांना निदान मजल्यामागे एक खुर्ची द्या. टाळ्या वाजल्या. एचआरच्या मॅडम खाली सोडायला आल्या तेव्हा हसून म्हणाल्या, "ते आमचे एम्प्लॉयी नाहीत, व्हेंडरचे आहेत."

आठवड्याभरात मावशींची बदली अंधेरीच्या साइटवर झाली. पगार तोच, रोज लोकलचा प्रवास वाढला. मला भेटल्या तेव्हा चिडून म्हणाल्या, "तू बोलून गेलीस, मी तिथेच होते. मला एकदा विचारायचंस तरी." त्यांचं बरोबर होतं. चेक आमच्या खात्यात जमा झाला होता आणि तो परत करायचं धाडस माझ्यात नव्हतं. मुलांच्या ट्यूबलाइट त्यावर लागल्या आहेत.

हे सगळं मनात घोळत असताना मी बाबासाहेबांचं एक पत्र पुन्हा काढलं. १४ नोव्हेंबर १९३२ ला, तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना, 'व्हिक्टोरिया' बोटीवरून त्यांनी ठक्कर बाप्पांना लिहिलेलं. पुणे करारानंतर अस्पृश्यता निवारणासाठी संस्था निघाली होती, पुढे तिचाच हरिजन सेवक संघ झाला. तिने काम कसं करावं याबद्दल ते पत्र आहे. बाबासाहेब तिथे दोन वाटा सांगतात. एक वाट मानते की माणूस हलाखीत आहे तो त्याच्या स्वतःच्या दोषामुळे, म्हणून त्याचं वैयक्तिक वर्तन सुधारा. त्यासाठी दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालयं, शाळा असा कार्यक्रम घ्या. दुसरी वाट मानते की माणसाची गत परिस्थिती ठरवते, म्हणून परिस्थितीला हात घाला. बाबासाहेबांनी दुसरी वाट धरली आणि नागरी हक्क, समान संधी यांची मोहीम मागितली.

त्या यादीतली व्यायामशाळा बघा. नव्वद वर्षांनी ती गिरणीच्या जागेवर झुंबा होऊन आली आहे. रात्री अकरापर्यंत ईमेलला उत्तरं देणाऱ्या पोराला सांगायचं, तुझा ताण तुझ्या श्वासात आहे, श्वास सुधार. कामाचे तास कमी करायचं कुणी बोलत नाही. आणि त्याच्याच पावलांच्या हिशोबातून आमच्या मुलांना दान द्यायचं, म्हणजे त्यालाही बरं वाटतं. दोन्हीकडे परिस्थिती जिथल्या तिथे. समाजशास्त्रात एम.ए. करताना मी यावर पानंच्या पानं लिहिली होती, पण माईक हातात आल्यावर मला फक्त खुर्ची सुचली.

खुर्चीही छोटी गोष्ट नाही म्हणा. केरळमध्ये कापडदुकानांतल्या विक्रेत्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला, तेव्हा कुठे २०१८ मध्ये तिथला दुकाने कायदा बदलला. तामिळनाडूने २०२१ मध्ये तसंच केलं. कुणाच्या वेलनेस वीकमधून तो हक्क आलेला नाही.

आपल्या मुंबईत या प्रकारातला सगळ्यात मोठा सोहळा म्हणजे जानेवारीतली मॅरेथॉन. २००४ पासून चालू आहे. कंपन्यांचे संघ छापील टी-शर्ट घालून धावतात आणि संस्थांसाठी कोट्यवधी रुपये जमतात. त्यातून चांगली कामं होतात, ते नाकारायचं कारण नाही. पण एक तपशील कार्यकर्त्यांना माहीत असावा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी नफ्याच्या सरासरीचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. १८ जून २०१४ च्या परिपत्रकात केंद्र सरकारनेच स्पष्ट केलं, की मॅरेथॉनसारखे एकदाच होणारे कार्यक्रम या खर्चात धरता येणार नाहीत. म्हणजे टी-शर्टवरची दया वेगळी आणि कायद्याने लागू असलेलं देणं वेगळं. आपल्या संस्था मात्र दोन्हीकडे सारख्याच हात जोडून उभ्या राहतात. त्यात मीही आले.

'व्हेंडरचे आहेत' हे उत्तरही नवं नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने पाणी, शौचालय यांसारख्या सोयी कंत्राटदाराने दिल्या नाहीत तर त्या देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर टाकली होती. हे आमच्या किती मावशींना कुणी सांगितलं? आणि कंत्राटात कोण आहे ते बघा. याच परळमध्ये, १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी, बाबासाहेबांनी विचारलं होतं की विणकाम खात्यात अस्पृश्यांना का घेत नाहीत. तुटलेला धागा थुंकी लावून जोडावा लागे, त्यात सवर्णांना विटाळ व्हायचा. चांगल्या पगाराचं खातं बंद. आज खात्यांची नावं बदलली. पण हाऊसकीपिंगच्या हजेरीपटावरची आडनावं वाचून बघा.

आता आपल्याकडे बोट. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर बँका, विमा, रेल्वे यांतल्या मागासवर्गीय कर्मचारी संघटना स्टॉल लावतात. पगारातून वर्गणी काढून अन्नदान करतात, डॉक्टर बसवतात. कामाच्या ठिकाणी जमवलेला पैसा म्हणायचा तर मला तो जवळचा वाटतो, कारण तिथे देणारा आणि घेणारा एकाच रांगेतून अभिवादन करून आलेले असतात. तरी विचारावंसं वाटतं. त्याच बँकेच्या शाखेत झाडू मारणारी कंत्राटी बाई संघटनेची सभासद आहे का? बहुतेक ठिकाणी नाही. कायम नोकरीवाल्यांची संघटना कायम नोकरीवाल्यांपुरती. वर्गणीच्या पावतीवर तिचं नाव नाही आणि मागण्यांच्या पत्रकावरही नाही.

यंदा दुसऱ्या एका कंपनीचा मेल आला आहे. पुन्हा पावलं, पुन्हा चेक. अभ्यासिकेच्या बैठकीत दोन मतं पडली. काही मुलं म्हणाली पैसे घ्या, आपलेच आहेत. एक मुलगी म्हणाली नको. ती मावशींची मुलगी. शेवटी घ्यायचे असं ठरलं, पण उत्तरात तिथल्या सफाई आणि सुरक्षा कर्मचाऱ्यांचा उल्लेख करायचा. मसुदा मी लिहिला आहे. रविवारी त्या इमारतीत काम करणाऱ्या चार बायका वस्तीच्या विहारात येणार आहेत, मावशीही येते म्हणाल्या. त्यांनी वाचल्याशिवाय तो पाठवायचा नाही.