चाल कळायला दोन ठोके लागतात

गिऱ्हाइकाला वाटतं, घड्याळ बरोबर लावून दिलं की घड्याळजीचं काम संपलं. खरं तर लावणं सगळ्यात सोपं. अवघड असते ती चाल, म्हणजे दिवसभरात घड्याळ किती पुढे पळतं किंवा मागे पडतं ते. ती तपासायला माझ्या टेबलावर वर्षानुवर्षं एक साधा रेडिओ असायचा.

आकाशवाणीवर बातम्यांआधी वाजणारे बीप सगळ्यांच्या कानांत आहेत. माझ्या हाताला मात्र शॉर्टवेव्हवरच्या बीबीसीचे सहा बीप जास्त सरावाचे. ते ग्रिनिचच्या तासाला वाजायचे, म्हणून आपल्याकडे मिनिटकाटा सहावर असताना. हे बीप 5 फेब्रुवारी 1924 ला सुरू झाले. त्यामागे ब्रिटनचे राजज्योतिर्विद फ्रँक डायसन होते. पहिले पाच आखूड, 55 ते 59 या सेकंदांचे, आणि सहावा लांब. वेळ धरायची ती सहाव्याच्या सुरुवातीला. नवखा पोरगा तो संपेपर्यंत थांबतो आणि तिथेच अर्धा सेकंद घालवतो.

पहिले पाच कशाला, असं विचारणारे भेटतात. एकच बीप वाजला असता तर तो ऐकून बोट हलेपर्यंत उशीर झालाच असता. पाचांमुळे कानाला लय मिळते आणि तिहाईनंतर सम यावी तसा सहावा येतो. बोट त्याच्या मागून नाही, त्याच्या बरोबर पडतं.

सेकंदकाटा बारावर आला की किल्ली बाहेर ओढायची. काही घड्याळांत काटा तिथेच थांबतो. जुन्या एचएमटी जनताला ती सोय नाही. तिथे ओढलेल्या किल्लीला उलट्या दिशेने हलका ताण द्यायचा. बहुतेक वेळा काटा दबकून उभा राहतो आणि ताण सोडला की चालू लागतो. जोर जास्त झाला तर मागे सरकतो. किती जोर पुरे, हे चिमटीलाच कळतं.

जनताचं बॅलन्स व्हील सेकंदाला 5 ठोके देतं, म्हणजे दिवसाला 4,32,000. त्यांत 50 ठोक्यांचा फरक पडला की घड्याळ दिवसाला 10 सेकंद चुकतं. ही चूक रेग्युलेटरची दांडी केसभर सरकवून काढता येते. पण ती आहे किती, हे एका बीपवर कळत नाही. आज साडेआठच्या बीपवर लावलेलं घड्याळ उद्या साडेआठच्याच बीपवर पाहावं लागतं.

रेडिओची वेळ चुकली तर टेलिफोनवर 174 फिरवायचं. बोलत्या घड्याळाची ही सोय पॅरिसमध्ये 1933 साली सुरू झाली. वेळ विचारणाऱ्या लोकांच्या फोनमुळे तिथल्या वेधशाळेची लाइन सारखी अडून राहायची, म्हणून संचालक एर्नेस्ट एस्क्लांगाँ यांनी उत्तर द्यायला यंत्रच बसवलं. लंडनला 1936 मध्ये एथेल केन या टेलिफोन ऑपरेटरचा आवाज काचेच्या तबकड्यांवर उतरवला गेला आणि दर 10 सेकंदांनी वेळ सांगू लागला. तिथेही आवाज वेळ आधी सांगून ठेवायचा. नेमका क्षण दाखवायचा तो मागून येणारा तिसरा बीप.

आता टेबलावर टाइमग्राफर आहे. घड्याळ त्याच्या मायक्रोफोनवर ठेवलं की मिनिटाभरात चाल पडद्यावर दिसते. वेळ लावायला मोबाइलचं घड्याळ पुरतं. त्याच मोबाइलवर रेडिओ ऐकून मात्र घड्याळ लावू नये. इंटरनेटवरून येणारा बीप वाटेत काही सेकंद रेंगाळतो.

पण टाइमग्राफर सांगतो ते आत्ताचं, भरलेल्या चावीचं आणि एकाच कुशीवरचं. हातावरचं घड्याळ दिवसभरात उभं-आडवं होतं, तापतं, रात्री उशाशी पडतं आणि त्याची चावी उतरत जाते. या सगळ्याचा हिशेब चोवीस तासांनीच लागतो.

रोज 8 सेकंद पुढे जाणारं घड्याळ मला चालतं, रोज आठच जात असेल तर. दांडी सरकवली की ते जागेवर येतं. एक दिवस चार पुढे आणि दुसऱ्या दिवशी दहा मागे असं झालं, तर पडद्यावरची रेघ कितीही सरळ असो, मी ते पुन्हा उघडतो. आत तेल सुकलेलं असतं, नाहीतर हेअरस्प्रिंग कुठेतरी चिकटत असते. म्हणून गिऱ्हाइकाला घाई असली तरी मी सांगतो, झालंय, पण उद्या न्या.