हायब्रिड घ्यायची? आधी रस्ता बघा!

गाडी म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती देते?" मग ती सेकंडहँड अल्टो असो, नाहीतर पाऊण कोटीची इम्पोर्टेड एसयूव्ही. आणि 'हायब्रिड' हा शब्द नेमका याच दुखऱ्या नसेवर बोट ठेवतो. पेट्रोलची गाडी, पण पेट्रोल कमी पिणार. बॅटरी आहे, पण चार्जिंगची कटकट नाही. वर रुबाब एसयूव्हीचा. म्हणजे एकाच तिकिटात तीन सिनेमे!

माझ्या एका मैत्रिणीलाही हेच वाटत होतं. वय वर्षं पस्तीस, बीकेसीतल्या एका फायनान्स कंपनीत मोठी पोस्ट, राहायला ठाण्यात घोडबंदर रोडला. कंपनीचे शेअर्स विकून हातात बऱ्यापैकी पैसा आलेला आणि डोळ्यांपुढे एकच गाडी, लेक्सस एनएक्स ३५०एच. अडचण एवढीच की तेवढ्याच पैशात तिच्या फ्लॅटचं उरलेलं होम लोनही फिटत होतं. "तू पत्रकार आहेस ना? मग मला नीट बघून सांग," असं म्हणत तिने हे काम माझ्या गळ्यात घातलं. मास कॉमला आम्हाला सगळं शिकवलं, पाऊण कोटी कसे खर्च करावेत हे सोडून! पण एका ओळखीच्यांनी आपली एनएक्स दोन दिवसांसाठी द्यायचं कबूल केलं आणि मी हो म्हटलं. सोबतीला होते तिचे बाबा. काकांनी आयुष्यभर एसटी चालवली, त्यातली बरीच वर्षं नाशिक-ठाणे मार्गावर, कसारा घाटातून. यापेक्षा कडक टेस्ट ड्रायव्हर कुठे मिळणार?

आधी फंडा क्लिअर करू

हायब्रिड या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या गाड्या विकल्या जातात. 'माइल्ड' हायब्रिडमध्ये छोटी मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते, गाडी एकटी ओढत नाही. 'स्ट्राँग' हायब्रिडमध्ये मोटर थोडं अंतर एकटीच गाडी चालवते आणि बॅटरी गाडी चालता चालता आपोआप भरते. 'प्लग-इन'मध्ये बॅटरी मोठी असते आणि ती बाहेरून चार्ज करता येते. त्यामुळे शोरूममध्ये गेलात की एकच प्रश्न विचारा, "इंजिन बंद ठेवून ही गाडी नुसत्या मोटरवर पुढे जाते का?" उत्तर द्यायला सेल्समनने घसा खाकरला तर समजून जा, ती माइल्ड आहे!

ही कल्पना तशी नवी नाही. टोयोटाची प्रियस जपानमध्ये १९९७ साली आली. २००५ मध्ये लेक्ससने आरएक्स ४००एच बाजारात आणली आणि लक्झरी एसयूव्हीसुद्धा हायब्रिड असू शकते हे जगाला दिसलं. आपल्याकडे २००८ मध्ये होंडाची सिव्हिक हायब्रिड आली, २०१० मध्ये प्रियस. दोन्हींच्या किमती बघूनच लोक मागे फिरले. खरी हवा झाली ती २०२२ मध्ये. होंडा सिटी, ग्रँड विटारा, हायरायडर आणि वर्षअखेरीस इनोव्हा हायक्रॉस, अशा स्ट्राँग हायब्रिड गाड्यांची एकदम रांग लागली. आमची एनएक्स ३५०एच त्याच वर्षीच्या मार्चमधली. भारतात आली तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत सुरू होत होती ६४ लाख ९० हजारांपासून.

घोडबंदरचा पेपर

शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता आम्ही कापूरबावडीहून निघालो. मुद्दामच. ज्या गाडीवर रोज ऑफिसला जायचं, ती रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर फिरवून काय कळणार?

काका पुढे बसले होते. मैत्रिणीने बटण दाबलं. डॅशबोर्डवर सगळे दिवे लागले आणि... काहीच झालं नाही. "चालू झाली का गं?" काकांनी विचारलं. तोवर गाडी सोसायटीच्या गेटबाहेर पडली होती!

मानपाडा, पातलीपाडा, कासारवडवली. मेट्रोच्या खांबांखालून गोगलगाईच्या चालीने. इथे ही गाडी खरोखर वेगळी वाटते. गर्दीत चार-चार फूट सरकताना बहुतेक वेळ इंजिन बंदच असतं. ब्रेक दाबला की तीच मोटर उलटी जनरेटरसारखी चालते आणि एरवी उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती बॅटरीत जाते. पुढची चार फुटं त्याच जमा पैशांवर. साध्या पेट्रोल गाडीचा मायलेज ट्रॅफिकमध्ये ढेपाळतो. इथे स्क्रीनवरचा आकडा तग धरून होता.

ही नुसती आमची कल्पना नाही. अमेरिकेतल्या ईपीए या सरकारी संस्थेने ३५०एचला दिलेले आकडे आपल्या हिशेबात बसवले तर शहरात लिटरला साधारण १७.४ किलोमीटर आणि हायवेवर १५.७. साध्या गाड्यांचं नेमकं उलट असतं, शहरात कमी आणि हायवेवर जास्त. या दोन आकड्यांतच हायब्रिडचं सगळं गणित आहे. जिथे ब्रेक जास्त, तिथे बचत जास्त.

आणि शांतता! गायमुखच्या चढापाशी ट्रेलर अडकलेला, आजूबाजूला हॉर्नचा कल्ला, आणि आत मैत्रीण शांतपणे सांगत होती की ऑफिसातून घरी पोचेपर्यंत तिचं रोज डोकं दुखतं. आज अजून दुखलं नव्हतं. हे कुठल्याही ब्रोशरमध्ये लिहिलेलं नसतं, पण माझ्या वहीत मी या गोष्टीला पूर्ण मार्क दिले.

काकांचा घाट

शनिवारी पहाटे भिवंडी, शहापूर करत कसाऱ्याकडे. सपाट हायवेवर गाडी छान पळते. २.५ लिटरचं चार सिलिंडर पेट्रोल इंजिन, मोटर धरून एकूण ताकद साधारण २४० हॉर्सपॉवर. मागच्या चाकांना वेगळी मोटर, त्यामुळे पुढून मागे जाणारा शाफ्टच नाही. पण एकसारख्या वेगात ब्रेक फारसा लागत नाही, म्हणजे बॅटरीत भर पडण्याची संधीही कमी. इथे ही गाडी म्हणजे एक चांगली, आरामशीर पेट्रोल गाडी, बास.

घाट लागला. मैत्रिणीने ओव्हरटेक करायला पाय दाबला आणि इंजिनाचा आवाज एकदम वर चढून तिथेच थांबला. काका ताडकन म्हणाले, "क्लच प्लेट गेलीय का हिची?" आम्ही दोघी हसलो, पण त्यांचा कान बरोबर होता. या पद्धतीच्या हायब्रिडमध्ये पहिला, दुसरा, तिसरा असे गिअर नसतातच. दातेरी चाकांचा एकच संच इंजिन आणि मोटर यांची ताकद एकत्र जोडतो. जोर लागला की इंजिन आधी आवाज चढवतं आणि वेग मागून येतो. गाडीत बिघाड काही नाही, सिस्टिमचा स्वभावच तसा. पण तुम्ही गाडी चालवण्याची मजा घेणारे असाल, तर बुकिंगच्या आधी एकदा चढावर चालवून बघाच.

परत येताना उतारावर काका स्टिअरिंगवर. हा माणूस घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसत नाही, इंजिनावर गाडी रोखतो. इथे ते काम सुरुवातीला मोटर करते आणि बॅटरी भरत जाते. पण या गाड्यांची बॅटरी लहान असते. लांब उतारावर ती लवकर भरते, मग सिस्टिम इंजिन फिरवून त्याच्या अडथळ्यावर गाडी धरते आणि आवाज पुन्हा येतो. काकांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं. "हां, आता कळलं काय करतेय ती!"

बाकी त्यांचा अभिप्राय असा. सीटची उंची एकदम बरोबर, गुडघे न वाकवता बसता येतं. दार आतून उघडायला हँडल न ओढता बटण दाबायचं, हे त्यांना अजिबात पटलं नाही. "घाई झाली तर माणूस ओढणारच ना!" मागे तिघं बसतात, पण तिसऱ्याने समजूतदार असलं पाहिजे. आणि हो, ही क्रॉसओव्हर आहे, म्हणजे बांधणी कारसारखी. फोर्च्युनरसारखी वेगळी लॅडर फ्रेम हिला नाही. पावसात चिखलाच्या रस्त्याने गावी जायला चारही चाकांची ताकद उपयोगी पडेल, दगडधोंड्यांत घालायला ही नाही.

आता कॅल्क्युलेटर काढा

शनिवारी रात्री त्यांच्या डायनिंग टेबलवर आम्ही हिशेब मांडला. तुम्हीही मांडा, फक्त आकडे तुमचे घाला.

समजा वर्षाला १२,००० किलोमीटर, जवळपास सगळं शहरात. साधी पेट्रोल एसयूव्ही लिटरला १० देते आणि हायब्रिड १६ असं धरू. एकीला १,२०० लिटर लागेल, दुसरीला ७५०. वाचलं ४५० लिटर. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर वर्षाला ४७,२५० रुपये. पाच वर्षांत २ लाख ३६ हजार. छान वाटतं ना? आता पुढे बघा. महाराष्ट्रात २० लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला एकरकमी रोड टॅक्स १३ टक्के. ६५ लाखांवर तो होतो ८ लाख ४५ हजार. म्हणजे पाच वर्षांत वाचवलेलं सगळं पेट्रोल आरटीओच्या पावतीच्या तिसऱ्या हिश्श्यालाही पुरत नाही! इन्शुरन्स वेगळाच.

हायब्रिड म्हणून करात मोठी सूट मिळेल, या भ्रमातही राहू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या हायब्रिड गाड्यांना ४० टक्के जीएसटी आहे, त्याआधी सेस धरून ४३ होता. इलेक्ट्रिक गाडीला मात्र फक्त ५ टक्के. त्यामुळे तुमच्या पार्किंगमध्ये चार्जर बसत असेल आणि फिरणं मुख्यतः शहरातच असेल, तर इलेक्ट्रिक न बघता हायब्रिड बुक करू नका. मैत्रिणीच्या सोसायटीत चार्जिंग पॉइंटचा विषय दर मीटिंगला पुढच्या मीटिंगवर जातो, म्हणून तिचा तो रस्ता बंद होता.

राहिला लोनचा मुद्दा. ६५ लाखांवर ८ टक्के व्याज धरलं तरी वर्षाला ५ लाख २० हजार. पेट्रोलमध्ये वाचणार ४७ हजार. मैत्रीण त्या दोन आकड्यांकडे बराच वेळ बघत बसली. मग हळूच म्हणाली, "पण मला बाबांना अशा गाडीत बसवायचं होतं रे देवा."

काका चहा पीत होते. ते म्हणाले, "गाडी एक नंबर आहे, पोरी. पण मला बसवायला घेणार असशील तर नको घेऊस. मला मागे बसवतच नाही. घराचा हप्ता संपला की मी रात्री शांत झोपेन."

मग घ्यायची की नाही?

माझं मत स्पष्ट आहे. पैसे बिनकर्जाचे आहेत, रोजचा दीड-दोन तासांचा ट्रॅफिक आहे, घरी चार्जर बसत नाही आणि तुम्हाला शांतता विकत घ्यायची आहे, तर एनएक्स ३५०एच बिनधास्त घ्या. पेट्रोल वाचवायला म्हणून घेणार असाल, तर विसरा. दर आठवड्याला हायवेच मारणार असाल, तर हायब्रिडचा अर्धा फायदा तिथेच गेला. आणि तंत्रच हवं असेल, तर तशीच स्ट्राँग हायब्रिड सिस्टिम इनोव्हा हायक्रॉसमध्ये निम्म्याहून कमी किमतीत मिळते. २ लिटरचं इंजिन, कंपनीने सांगितलेला मायलेज २३.२४, आणि माणसं बसतात सात. लेक्ससची कारागिरी आणि मागच्या चाकांची मोटर मात्र तिथे नाही. कुठलीही घेतलीत तरी हायब्रिड बॅटरीची वॉरंटी लेखी घ्या. या दोन्हींवर ती ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर असते. सेकंडहँड घेणार असाल, तर यातलं किती उरलंय ते आधी तपासा.

मैत्रिणीने लोन फेडलं. उरलेल्या पैशांतून डाउन पेमेंट होईल अशी हायक्रॉस बघायला दोघं परवा गेले होते. टेस्ट ड्राइव्ह काकांनी घेतली, ती मागे बसली. रात्री तिचा फोन आला, "ऐक ना, घोडबंदरलाच घेऊन गेलो होतो. बाबा म्हणतात हिच्या दाराला हँडल आहे!"