सातूचे बोधचिन्ह

बोधचिन्ह हा शब्द आपल्याकडे संस्थांच्या मालकीचा आहे. विद्यापीठाला बोधचिन्ह असते, महामंडळाला असते, साहित्य संमेलनाला तर दर वर्षी नवे असते. लेखणी, दौत, उघडे पुस्तक आणि तेवता दिवा या चार वस्तूंच्या पलीकडे ही चिन्हे सहसा जात नाहीत. त्यामुळे घरी आंबवलेल्या वीस लिटर बिअरला बोधचिन्ह हवे आहे, ते मराठीत हवे आहे आणि सारा खर्च हजार रुपयांच्या आत बसला पाहिजे, अशी मागणी आमच्यापुढे आली, तेव्हा पहिला प्रश्न चित्रकलेचा नव्हताच. तो भाषेचा होता. ज्या वस्तूविषयी मराठी माणूस एक तर विनोदाने बोलतो किंवा उपदेशाने, तिला साधे, सरळ नाव कोणते द्यायचे?

मागणी करणारा आमचा जुना विद्यार्थी. डोंबिवलीत वाढला, बी.ए.ला मराठी घेतले, पुढे संगणकाच्या वाटेला गेला आणि आता इंग्लंडमध्ये रेडिंगला असतो. आम्ही पतिपत्नी दोघेही मराठीचे अध्यापक. एक महाविद्यालय ठाण्याला, दुसरे कल्याणला आणि घर दोन्हींच्या मध्ये डोंबिवलीत. त्याने लिहिले होते, "सर, मॅडम, इथले हौशी लोक बाटल्यांवर कोल्हे, अस्वले, कवट्या छापतात. मला मराठी अक्षर हवे आहे. नाव तुम्ही द्या." आणि खाली एक ओळ : "बाबांना हे आवडणार नाही, पण त्यांच्यापासून लपवायचेही नाही." त्याचे वडील माळकरी, आयुष्यभर छापखान्यात मुद्रितशोधन केलेले. मुलाच्या बाटलीवर इंग्रजी नाव असते तर त्यांनी त्याकडे कदाचित दुर्लक्ष केले असते. मराठी नाव मात्र ते वाचणार होते, आणि व्यवसायाच्या सवयीने दोनदा वाचणार होते.

नाव देण्यापूर्वी वस्तू कळली पाहिजे, म्हणून आम्ही त्याच्याकडून कृती मागवली. ती वाचताना आमचे कुतूहल वाढत गेले, कारण तिच्यातील बहुतेक पायऱ्या आमच्या स्वयंपाकघराला ठाऊक होत्या. जव भिजवायचे, त्यांना मोड आणायचे, मोड आले की वाळवायचे आणि भरडायचे. नाचणीचे सत्त्व करणाऱ्या कोणत्याही घरात याहून वेगळे काय करतात? मोड येताना दाण्यात जी विकरे तयार होतात, त्यांच्याकडून पिष्टाची साखर करून घ्यायची असते. त्यासाठी भरड सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवतात. नंतर गोड पाणी निथळून घेऊन त्यात हॉपची फुले घालून तासभर उकळायचे. हॉप ही भांगेच्या कुळातली वेल. तिच्यामुळे कडवटपणा येतो आणि पेय टिकते. मग वीस अंशांपर्यंत निववून यीस्ट घालायचे आणि दोन आठवडे थांबायचे. बाटलीत भरताना चिमूटभर साखर घातली की उरलेले यीस्ट ती खाऊन फेस निर्माण करते. रेडिंगच्या थंडीत हे जमते. डोंबिवलीच्या तीस-बत्तीस अंशांत त्याच यीस्टला घाई होते आणि पेयाला नको ते वास येतात, असेही त्याने कळवले.

या कृतीचे मराठी करायला बसलो तेव्हा एकाही ठिकाणी अडलो नाही. पीठ आंबते, ताक फसफसते, लोणचे मुरते, पाणी निवळते, तळाशी साका बसतो. बिअरच्या पिंपातही नेमके हेच, याच क्रमाने घडते. क्रियापदाचा प्रश्न तेवढा उरला. दारू 'गाळतात', पण गाळणे हे ऊर्ध्वपातनाचे, भट्टीचे क्रियापद. बिअर कोणी गाळत नाही. दही जसे लावतात तशी ती लावतात. "काल बिअर लावली" हे वाक्य आम्ही दोघांनी मोठ्याने म्हणून पाहिले. ते इतके निष्पाप वाटले की आम्हालाच हसू आले.

म्हणजे प्रक्रियेसाठी मराठीत शब्दांची श्रीमंती आहे. उत्पादनापाशी येताच मात्र भाषा एकदम पवित्रा घेते. 'दारू' हा फारसी शब्द मुळात औषधाचा; आपण तो मद्याला आणि तोफेला वाटून दिला. 'मद्य' सरकारी, 'मदिरा' नाटकी, 'सुरा' पौराणिक. आमच्या पिढीपर्यंतच्या प्रत्येक मराठीच्या विद्यार्थ्याने मद्याचा विचार केला तो १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'च्या सावलीत. त्या नाटकात एक बोधचिन्ह नसलेली, पण नाव असलेली संस्था आहे : तळीरामाचे आर्यमदिरामंडळ. गडकऱ्यांचा उपहास किती दूरवर पोहोचला आहे ते आम्हाला नाव शोधताना कळले. 'यवसुरा', 'किण्वप्रसाद' अशी जी जी संस्कृतप्रचुर नावे सुचली, ती सारी तळीरामाच्या सभेत ठराव म्हणून मांडता आली असती. शंभर वर्षांपूर्वीच्या नाटककाराने एका विषयापुरती का होईना, भाषेची भारदस्त दारे बंद करून ठेवली आहेत.

व्यवसायात उतरलेल्यांनी हा प्रश्न इंग्रजीकडे वळून सोडवला. पुण्यात २००९ साली 'डूलाली' हे बिअर तिथल्या तिथे तयार करून देणारे ठिकाण सुरू झाले. हा शब्द इंग्रजीत 'डोके फिरलेला' या अर्थी वापरतात आणि तो आला आहे नाशिकजवळच्या देवळालीवरून, तिथल्या लष्करी छावणीतल्या गोऱ्या सैनिकांच्या तोंडून. देवळाली परत महाराष्ट्रात आली ती अशी, ओळखू येणार नाही अशा वेषात. खुद्द आमच्या डोंबिवलीत पुढच्या दशकात गेटवे ब्रूइंग कंपनीने बिअर तयार केली. तिच्या गव्हाच्या बिअरचे नाव 'व्हाइट झेन'. कंपनीच्या नावातले प्रवेशद्वार अपोलो बंदराचे आणि बिअरच्या नावातले ध्यान जपानचे. डोंबिवली तेवढी कुठे नाही. याच्या उलट उदाहरण गोव्याचे. 'फेणी' हा शब्द फेसावरून आला, कोंकणीच्या तोंडी वाढला, आणि २००९ मध्ये काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा त्याला नाव बदलावे लागले नाही. ज्या समाजाला आपल्या पेयाची लाज वाटली नाही, त्याच्या पेयाला घरचे नाव राहिले.

इथे कायद्याचा उल्लेख टाळता येणार नाही. जे रेडिंगच्या स्वयंपाकघरात चालते, ते डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात चालत नाही. ब्रिटनमध्येही १९६३ पर्यंत घरी बिअर करण्यास परवाना लागे. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाने ती अट गेली आणि विकायची नाही एवढेच बंधन राहिले. आपल्याकडचा दारूबंदीचा कायदा १९४९ चा. त्याच्याखाली परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि घरगुती हौसेसाठी वेगळी सवलत नाही. गंमत अशी की, कौटिल्य याबाबत अधिक सैल होता. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाचे प्रकरण आहे. मद्यावर राज्याची कडक देखरेख सांगणारा तो ग्रंथ गृहस्थांना मात्र घरच्या कार्यासाठी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा देतो. उत्सव-यात्रांच्या वेळी चार दिवसांची मोकळीकही देतो.

पण प्राचीनतेचा दाखला देऊन मोकळे होणे आम्हाला प्रामाणिक वाटले नाही, कारण मधल्या काळात एक शब्द येऊन बसला आहे : हातभट्टी. ठाणे ते कल्याण या पट्ट्यातल्या कोणाही वृत्तपत्रवाचकाला खाडीकिनाऱ्यावरच्या हातभट्ट्यांवर पडलेले छापे परिचयाचे आहेत. जून २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. ती आंबवण्याने गेली नाहीत. उद्योगात वापरायचे मिथेनॉल दारूत मिसळले गेले म्हणून गेली. मेली ती कष्टकरी वस्तीतली माणसे. आमच्या विद्यार्थ्याच्या छंदाला इंग्रजीत 'क्राफ्ट' म्हणतात, म्हणजे हाताचे कसब. हातभट्टीतही हातच आहे. एकाच हाताला एका शब्दात किंमत येते आणि दुसऱ्यात बेडी. हा फरक केवळ कायद्याचा नाही. कोणाच्या हौसेला छंद म्हणायचे आणि कोणाच्या पोटापाण्याला गुन्हा, याचाही आहे. हे मनात असताना बाटलीवर गमतीदार कोल्हा काढणे आम्हाला शक्य नव्हते. लेबलाने फुशारकी मारू नये, विनोद करू नये. आत काय आहे आणि ते कशाचे आहे तेवढे सांगावे, असे ठरले.

तेव्हा नाव सापडले. सातू. जव या धान्याचा हा मराठी शब्द. संस्कृत 'सक्तू'पासून आलेला, आणि सक्तू म्हणजे भाजलेल्या धान्याचे पीठ. आज 'सातूचे पीठ' म्हटले की लहान मुलांचा खाऊ आठवतो, त्यात जव असोत वा नसोत. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंनी टेबलावरचा कागद पाहून विचारले, "कोणाकडे बाळ आहे?" त्यांच्या घरातल्या एका माणसाला दारूने नेले आहे. आम्ही खरे काय ते सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "मग त्यावर लिवा तरी, विकायची नाय म्हणून." लेबलावरची दुसरी ओळ अशी त्यांच्याकडून आली.

आता बोधचिन्ह. प्रथम संगणकावरचे फुकट टंक पाहिले. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे देखणे देवनागरी टंक कोणालाही विनामूल्य वापरता येतात. पण मुक्त टंक सर्वांचेच असतात, आणि एका स्वयंपाकघरातल्या अडतीस बाटल्यांना स्वतःचे अक्षर असावे असे वाटले. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची शीर्षके पाहत आमची पिढी वाढली. नावाचे अक्षर पाहून नाटकाचा स्वभाव कळे. तो अधिकार आमचा नाही. तरी घरात बोरू होता, शाई होती, आणि दोघांपैकी एकाचे अक्षर बरे आहे.

रोमन अक्षरे ओळीवर उभी राहतात, देवनागरी ओळीला लटकतात. हे आम्ही वर्गात अनेकदा सांगितले आहे. त्याचा उपयोग प्रथमच झाला. शिरोरेखा म्हणजे पेल्यातल्या पेयाची पातळी. तिच्यावर काहीच काढायचे नाही. वरचा मोकळा कागद हाच फेस. 'सा' आणि 'तू' पेयात बुडालेले, आणि 'तू'चा दुसरा उकार तळाशी जड, गोल, साका बसावा तसा. बुडबुडे काढून पाहिले, पण दीड इंचाच्या शिक्क्यात ते शाईने भरून जातात, म्हणून वगळले. स्वस्त छपाईची हीच शिस्त : जे एका रंगात आणि अंगठ्याएवढ्या जागेत टिकत नाही, ते चिन्हात नको. फोनवर छायाचित्र घेऊन इंकस्केप या मोफत प्रणालीत कडा नीट केल्या. कल्याण स्थानकाबाहेरच्या शिक्केवाल्याने साडेतीनशे रुपयांत रबरी शिक्का करून दिला. खाकी कागद, शाई आणि लग्नपत्रिकेच्या दुकानात दुसऱ्या ओळीची छपाई धरून एकूण सातशे चाळीस रुपये झाले. डिंकाची गरज नव्हती. हौशी लोक कागदाच्या पाठीवर दूध लावून लेबल चिकटवतात. ते काचेला घट्ट बसते आणि बाटली पुन्हा वापरायची झाली की पाण्याने निघून येते.

दुसऱ्या ओळीचा मजकूर विद्यार्थ्याने स्वतः टंकून पाठवला होता : "घरी आंबवलेली. विक्रिसाठी नाही." छापण्याआधी एक प्रत वडिलांकडे न्यावी, असा त्याचाच आग्रह. आम्ही ती नेली. त्यांनी चष्मा बदलला, कागद खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ पाहिला. घरात ही वस्तू कधी येणार नाही, असे ते शांतपणे म्हणाले; आम्ही मान डोलावली. शिक्क्याविषयी ते काही बोलले नाहीत. मग लाल पेन काढून 'विक्रि'तल्या 'क्रि'ला खूण केली आणि समासात 'क्री' लिहिले.

कागद परत देताना त्यांनी खाली सही केली होती आणि सहीच्या वर, छापखान्यात हजारो पानांवर लिहिले असेल ते वाक्य : "दुरुस्तीनंतर छापण्यास हरकत नाही." मुलाला आम्ही त्या कागदाचे छायाचित्र जसेच्या तसे पाठवले. त्याने उत्तरात फक्त एवढेच लिहिले की, सर्व अडतीस लेबलांवर 'क्री' दीर्घ आहे, हे बाबांना सांगा.