किण्व

भाची विज्ञानाचा धडा वाचत होती. मध्येच थांबून म्हणाली, "मावशी, किण्वन म्हणजे आंबवणंच ना? मग किण्व म्हणजे काय गं?" ओट्यावर आंबोळीचं पीठ झाकलेलं होतं. मी ताटली उचलून दाखवली. दुपारी तळाशी असलेलं पीठ फुगून काठाला टेकलं होतं, वर बुडबुडे फुटत होते. तिचं समाधान झालं, ती पुन्हा पुस्तकात गेली. मी मात्र त्या शब्दापाशीच राहिले.

तो चार्वाकांचा, जुन्या जडवाद्यांचा शब्द. पृथ्वी, आप, तेज, वायू यांच्या जुळणीतून जाणीव उपजते, जशी किण्वापासून मद्याची नशा. धान्यात नशा नसते, पाण्यात नसते. आंबलं की येते. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात हा दाखला खोडण्यासाठी घेतला आणि खोडता खोडता जपला. चार्वाकांचं बहुतेक सगळं असं विरोधकांच्याच हातून आलंय. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'तली कर्ज काढून तूप पिण्याची गोष्ट तेवढी सर्वांना ठाऊक. मला त्या तुपाहून हे आंबणारं भांडं मोलाचं वाटतं.

भांड्यावरून पायासी आठवतो. बौद्धांच्या दीघनिकायाच्या तेविसाव्या सुत्तात भेटतो तो, कोसल देशातल्या सेतव्या नगरीचा अधिपती. परलोक नाही असं त्याचं मत, आणि ते त्यानं पडताळून पाहिलेलं. मरणाला टेकलेल्या दुराचारी आप्तांना त्यानं सांगितलं, नरकात गेलात तर येऊन मला सांगा. ते हो म्हणाले. सज्जनांनाही स्वर्गातून निरोप आणायची गळ घातली. कोणी परतलं नाही. मग एका चोराला त्यानं जिवंत रांजणात घातलं, तोंड ओल्या कातड्यानं आणि मातीनं लिंपलं, खाली जाळ केला. चोर मेल्याची खात्री झाल्यावर रांजण उतरवून तोंड हळूच उघडलं. सगळे टक लावून होते. जीव बाहेर पडताना कुणाला दिसला नाही. दुसऱ्या एका चोराला आधी जिवंतपणी तोललं, मग गळा आवळून पुन्हा तोललं. प्रेत जड भरलं.

कुमारकाश्यप हा भिक्षू त्याला दाखल्यांमागून दाखले देतो. लोखंडाचा गोळा तापला की हलका होतो. शंख कितीही उलटापालटा केला तरी फुंकर घातल्याशिवाय वाजत नाही. अखेर पायासी शरण जातो.

मी दर वेळी रांजणापाशीच अडखळते. पायासीची शंका मला आवडते, पाहिल्याखेरीज मानायचं नाही हा हट्ट तर फारच आवडतो. पण जीव शोधायला निघालेल्या या माणसाला समोर तडफडणारा जीव दिसला नाही. काश्यपाच्या दाखल्यांतही रांजणातल्या त्या चोराबद्दल अवाक्षर नाही. पायासीच्याच मतानं पाहिलं तर त्या चोराला तेवढा एकच जन्म होता. पुढं कुठं त्याची भरपाई होणार नव्हती. परलोक न मानणाऱ्याचा हात म्हणूनच सर्वांत हळुवार असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

अजित केसकंबली मला जवळचा वाटतो. बुद्धाचा समकालीन, माणसाच्या केसांचं कांबळं पांघरणारा. त्याचंही म्हणणं बौद्धांनीच नोंदवून ठेवलं. माणूस चार भूतांचा. मेला की मातीचा भाग मातीत, पाण्याचा पाण्यात. तिरडी नेणारे स्मशानापर्यंत त्याच्याविषयी बोलत जातात, आणि मग हाडं पारव्याच्या रंगाची होतात.

हा रंग तर्कानं सुचत नाही. त्यासाठी चितेजवळ थांबावं लागतं.

वडिलांच्या अस्थी सावडायला मी भावाबरोबर गेले होते. राखेवर पाणी शिंपडलं, आम्ही दोघं वाकून वेचत होतो. मडक्यात टाकताना एक तुकडा माझ्या बोटांत राहिला. करडा, कडेला किंचित निळसर. अजून कोमट होता.